फौजदाराचं दुखणं

दुकानातून, ४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

माझं पत्र बघून घाबरू नका, तुमचे दादा ठीक आहेत. फोन करायचा सोडून वहिनीला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुम्हाला वाटेल. पण फोन असतो यांच्या उशाशी. दोन खोल्यांच्या घरात मी कुठे जाऊन बोलू? न्हाणीघरातून कुजबुजलं तरी ऐकू जातं. आणि मला जे सांगायचंय ते यांच्या कानावर जायला नको. दुकानात फोन नाही, म्हणून इथे गल्ल्यावर बसून लिहितेय. पलीकडे आपला कारागीर काच कापतोय, तेव्हा अक्षर करकरलं तर समजून घ्या. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठवा.

विषय फौजदाराचा आहे. तुम्ही दोन वर्षांपूर्वी आला होतात तेव्हा काचेला धडक मारून त्याने तुम्हाला मागे सरकवलं होतं, आठवतंय? तोच. यांनी दुकानातल्या जाड काचेच्या उरलेल्या तुकड्यांतून स्वतः टाकी बांधली आणि त्यात हा बोटाएवढा ऑस्कर मासा आणून सोडला. आता तो वीतभराहून मोठा झालाय. घरात कोण आलं, कोण गेलं, सगळी चौकशी त्याच्याकडे.

जुलैत यांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हापासून यांची खुर्ची टाकीसमोरच असते. तुम्हाला फोनवरून माहीतच आहे, यांच्या तोंडात आता दोनच शब्द उरलेत: ‘बरं बरं’. पाणी हवं तरी बरं बरं, नको तरी बरं बरं. मी सुरावरून ओळखते, कधी चुकतेही. पण माशाशी यांचं काही अडत नाही. हे डावा हात वर करतात, तो वर येतो. हे हात खाली नेतात, तो खाली जातो. सकाळचे दोन तास दोघांचे असे जातात.

तर गेल्या महिन्यात फौजदार तळाशी आडवा पडला. मला वाटलं रुसलाय. या जातीला रुसायची खोड असते, पाणी बदललं की दिवसभर तोंड फिरवून पडतात. पण हा रुसवा नव्हता. खाणं सुटलं, पोट फुगलं, आणि आता खवले असे उभे राहिलेत की वरून पाहिलं तर शहारा येतो. मासेवाल्याने दिलेलं औषध घातलं, मीठ घातलं, पाणी कोमट ठेवलं. दुखणं हत्तीच्या पायाने येतं म्हणतात, ते माशाचंही तसंच असावं.

हे रोज बघत बसतात. हात वर करतात, तो येत नाही. मग परत करतात. वन्सं, हा मासा गेला तर यांचं काय होईल? मला काही सुचत नाही. तुमचं डोकं अशा वेळी चालतं.

तुमची,
वहिनी


वसतिगृह, ११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. इथे माझ्या मुलींमध्ये गालगुंडांची साथ आहे. प्रत्येक खोलीत एक तरी भोपळा सुजून बसलाय. आज रेक्टरबाईंनी, म्हणजे मी, खानावळीत जाऊन सगळ्यांसाठी पातळ खिमट करून घेतलं, तर ज्या आजारी नाहीत त्यांनी मोर्चा काढला. असं आहे सगळं, त्यामुळे इतक्यात येणं काही जमेल असं दिसत नाही.

आता फौजदाराचं. वहिनी, दादाला काही म्हणजे काही सांगू नकोस. त्या डोक्यावर आधीच काय कमी आघात झालेत? टाकीवर चादर टाक. ‘औषध घातलंय, त्याला उजेड चालत नाही’ असं म्हण. तेवढ्यात मासेवाल्याकडून तसाच दुसरा आण. मासे काय गं, सगळे सारखेच दिसतात. आणि या म्हाताऱ्या माशाचा जीव जाताना बघवत नसेल तर एखाद्या तळ्यात नेऊन सोड. मोकळ्या पाण्यात तरी जाईल.

दादाला कळणार नाही. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. दिवाणखान्यातल्या घड्याळाला किल्ली दिली की ते वाजतं, तसं झालंय त्याचं. मी मागे फोनवर त्याला म्हटलं, ‘दादा, ओळख बघू मी कोण?’ तर म्हणाला, ‘बरं बरं.’ मी म्हटलं, ‘अरे, मी पडले आणि पाय मोडला,’ मुद्दामच म्हटलं, तरी ‘बरं बरं.’ मग मी काय बोलणार?

तू स्वतःकडे बघ. जेवतेस का वेळेवर?

तुझी नणंद


दुकानातून, १९ फेब्रुवारी

वन्सं,

चादर टाकली. तुमच्या सांगण्याबरहुकूम टाकली, कारणही तेच सांगितलं. हे माझ्याकडे बघत राहिले. मग दुपारी ताट सरकवून दिलं. रात्रीही जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले, शेजारच्या आजींना म्हटलं जरा लक्ष ठेवा. त्या दूध उतू जातंय म्हणून घरी वळल्या तेवढ्यात हे खुर्चीतून उठले. एकटे. जुलैपासून एकटे उठले नव्हते.

मी आले तेव्हा जमिनीवर बसलेले होते, टाकीच्या घडवंचीला खांदा टेकून. चादर ओढून खाली पाडली होती. कोपर फुटून रक्त वाळलं होतं आणि तळहात काचेला लावलेला. फौजदार तळाला होता, पण काचेच्या त्या बाजूला, हाताजवळ. मी आपली खाली बसले शेजारी.

डॉक्टरांनी कोपर शिवलं. हाड शाबूत आहे.

मासेवाल्याकडेही गेले होते. त्याच्याकडे ऑस्कर आहे, माझ्या करंगळीएवढा. मी म्हटलं, ‘अहो, मला फौजदाराच्या जागी फौजदार हवाय, तुम्ही शिपाई दाखवताय.’ तो हसला, मीही हसले. बाहेर आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. ज्या माणसाने त्याला दहा-अकरा वर्षं रोज हाताने भरवलंय, त्याला मी काय दाखवणार होते?

तळ्याचं म्हणाल तर आजारी मासा तळ्यात सोडणं म्हणजे आपलं दुखणं दुसऱ्यांच्या घरात टाकून येणं. आणि गार पाण्यात तो तडफडूनच जाईल. शेजारच्यांनी आणखी एकेक उपाय सुचवलेत. एक म्हणाले बर्फाच्या कप्प्यात ठेवा, दुसरे म्हणाले संडासात सोडून साखळी ओढा. चांगली माणसं आहेत हो, वाईट मनाने नाही म्हणाली. पण यांच्यासमोर म्हणाली. जणू हे खोलीत नाहीतच.

आणि रागावू नका, पण तुम्हीही तेच म्हणता. दादाला कळत नाही. तुम्ही किती वेळा येऊन पाहिलंत, वन्सं? इस्पितळात एकदा आलात, तेव्हा हे बेशुद्ध होते. फोनवर यांचे हात दिसत नाहीत. डोळे दिसत नाहीत. पाय मोडल्याचं तुम्ही गमतीने सांगितलंत ना, त्या दिवशी हे संध्याकाळपर्यंत दाराकडे बोट दाखवत होते आणि स्वतःच्या पायावर हात मारत होते. मला अर्थ लागला नव्हता. तुमचं पत्र वाचून आज लागला.

वहिनी


वसतिगृह, २५ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस कोणाशी बोलले नाही. मुलींना वाटलं मलाही गालगुंड झाले.

कोपराचे टाके कधी काढायचे? तापबीप नाही ना? त्याला एकट्याला आता सोडू नकोस, कोणी बाई मिळते का बघ.

बाकी मी काय लिहू? तू म्हणतेस ते असेल तसं. मी लांबून बोलते, लांबूनच दिसतं ते बोलते. पण मला एवढंच वाटतं की त्या माशापायी दादा परत पडला तर आपल्याला ते परवडणार नाही. मरायचाच आहे तर लवकर मरू दे बिचाऱ्याला. हवेची नळी काढून टाक. आपोआप होईल, कोणाच्या हातून काही झालं असंही होणार नाही.

साथ अजून आहे.

नणंद


दुकानातून, ८ मार्च

प्रिय वन्सं,

मागच्या पत्रात मी टाकून बोलले. लिहून झाल्यावर वाटलं फाडावं, पण कारागीर डाकघराकडे निघालाच होता. असो, आता झालं ते झालं.

हवेच्या नळीचं तुम्ही लिहिलंत ते पत्र यायच्या आदल्याच दिवशी माझा हात हवेच्या पंपाच्या बटणावर होता. खरंच सांगते. मी थकले होते. दुकान, औषधं, यांना उठवणं-बसवणं, त्यात रोज बादल्यांनी पाणी बदलणं. वाटलं, बटण बंद करावं आणि भाजी आणायला जावं. पण फौजदार पृष्ठभागाशी येऊन तोंड उघड-मीट करत होता आणि नळीच्या बुडबुड्यांपाशीच तोंड नेत होता. जो अजून श्वासासाठी धडपडतोय त्याचा श्वास मी बंद करायचा आणि वर म्हणायचं आपोआप झालं? हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आल्या, दवाखान्याच्या दाराची काच फुटली म्हणून. माप सांगता सांगता कळलं की जनावरांच्या डॉक्टर आहेत. मी विचारलं, ‘मासा बघता का हो?’ मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, ‘कुत्र्या-मांजरांइतके नाही येत. पण बघते.’ संध्याकाळी घरी आल्या.

टाकीशी वाकून बराच वेळ पाहिलं. मी मागे उभी. मग त्यांनी काय करावं? माझ्याकडे वळल्याच नाहीत. स्टूल ओढलं आणि यांच्यासमोर बसल्या.

‘मालक, हा मासा तुमचा ना?’

मी पाठीमागून हातवारे करतेय, नको नको म्हणून. त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

‘त्याच्या पोटात पाणी झालंय. आतले अवयव काम करत नाहीत. एवढे खवले उभे राहिल्यावर बरा झालेला मासा मी पाहिलेला नाही. मी औषध देऊ शकते, पण त्याने तो बरा होईल असं तुम्हाला सांगितलं तर खोटं होईल. दुसरं म्हणजे, त्याला झोपवता येतं. लवंगेच्या तेलाने. आधी गुंगी येते, मग श्वास थांबतो. त्याला कळत नाही. काय करायचं ते तुम्ही सांगा.’

हे म्हणाले, ‘बरं बरं.’

मी म्हटलं, ‘अहो डॉक्टर, ते सगळ्यालाच तसं म्हणतात.’

‘हो ना,’ त्या म्हणाल्या, ‘म्हणून मला हे हो आहे की नाही ते कळलं नाही.’ आणि परत यांच्याकडे वळून, ‘झोपवायचं असेल तर तुमचा हात माझ्या हातावर ठेवा. थांबायचं असेल तर ठेवू नका. घाई नाही.’ असं म्हणून त्यांनी हात पुढे धरला.

वन्सं, यांनी तो हात पाहिला. मग टाकीकडे पाहिलं. डोळे भरून आले, पण हात मांडीवरच राहिला. डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाल्या, ‘ठीक. थांबू या. त्रास वाढला तर मला बोलवा.’ पाणी कसं ठेवायचं ते सांगून निघून गेल्या.

मी दाराशी उभी राहिले. मला काय वाटलं सांगू? त्या बाईंचा हेवा वाटला. जुलैपासून मी यांना काय खायचं, कधी निजायचं, कोणाला भेटायचं, सगळं ठरवून देतेय. प्रेमानेच देतेय. पण एकदाही हात पुढे करून विचारलं नव्हतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबले तर नव्हतेच.

तीन-चार दिवस तसेच गेले. मग एका सकाळी फौजदार कुशीवर पडला तो सरळच होईना. पाण्याच्या प्रवाहाने ढकलला जायचा, काचेला लागायचा. मी यांना चहा देत होते. यांनी कप खाली ठेवायला लावला आणि माझ्या हातावर हात ठेवला. मला आधी वाटलं आधार हवाय. पण काढेनात. दाबून धरला. टाकीकडे बघत होते.

मी विचारलं, ‘बोलवू डॉक्टरांना?’

हात अजून घट्ट झाला.

डॉक्टर दुपारी आल्या. मी बादली आणली. यांनी ती हाताने दूर सारली. दुसरी मोठी बादली आणली, तीही सारली. शेवटी मोरीकडे बोट केलं. कपडे भिजवायचं रुंद घमेलं! बादलीत फौजदाराला अंग वाकवून राहावं लागलं असतं, ते माझ्या डोक्यात आलं नाही, यांच्या आलं. पाणीही टाकीतलंच घ्यायला लावलं. डॉक्टर म्हणाल्या, ‘अगदी बरोबर, ओळखीचं पाणी हवं.’ आणि मग तुमच्या दादांनी आपल्या डाव्या हाताने, मी उजवीकडून आधार दिला, फौजदाराला पोटाखालून उचललं. जो मासा पाहुण्यांवर धावून जायचा तो निमूट तळहातावर आला.

डॉक्टरांनी छोट्या बाटलीत कोमट पाणी घेऊन त्यात तेल टाकलं आणि दुधासारखं होईपर्यंत हलवलं. तेल नुसतं टाकलं तर वरच तरंगतं म्हणाल्या. थोडं थोडं घमेल्यात सोडत गेल्या. फौजदार जरा फिरला, मग कलला, मग यांच्या हातावर टेकला. हे खाली वाकून बसले होते, हात पाण्यात. ‘बरं बरं,’ म्हणत होते. ‘बरं बरं.’ तान्ह्या मुलाला निजवताना आपण काहीही बोलतो ना, त्याला अर्थ नसतो, सूर असतो, तसं.

मी म्हटलं, ‘गेला का?’

‘नाही. झोपलाय फक्त. इथेच लोक घाई करतात.’ त्यांनी राहिलेलं सगळं औषध घातलं. कल्ले हलायचे थांबले तरी त्यांनी पाण्यातून काढू दिलं नाही. आम्ही तिघं घमेल्याभोवती बसून राहिलो. बराच वेळ. घरभर लवंगेचा वास, जणू सगळ्यांच्याच दाढा दुखतायत. मग डॉक्टरांनी तपासलं आणि यांना म्हणाल्या, ‘आता गेला. त्रास झाला नाही त्याला.’ मला नाही, यांना सांगितलं.

मागच्या बाजूला मातीत पुरला. यांना दारापर्यंत खुर्ची नेऊन दिली होती. परत आल्यावर यांनी स्वतःच टाकीच्या पंपाचं बटण बंद केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घर इतकं गप्प झालं. मला भीती होती तसं काही झालं नाही. रडले, खूप रडले. मग जेवले. मग झोपले. सकाळी उठून परत थोडं रडले. आपण सगळे करतो तसंच, वन्सं.

काल मी विचारलं, ‘दुकानात यायचं?’ आणि थांबले. उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं. आज हे माझ्यासमोर गल्ल्यावर बसलेत. कारागिराने कापलेल्या आरशाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा परत घासायला घेऊन गेलाय. हे पत्र मी यांच्या डोळ्यांदेखत लिहितेय. काय लिहिलंय तेही सांगितलंय.

गालगुंड महिनोन् महिने टिकत नाहीत, मलाही माहीत आहे. मी काही म्हणत नाही. मलाही सुरुवातीला यांच्या तोंडाकडे बघवत नसे. पळून जायला मला दुसरं गाव नव्हतं, एवढंच.

तुमची,
वहिनी


वसतिगृह, १५ मार्च

प्रिय दादा,

हे पत्र तुला आहे. वहिनी वाचून दाखवेल, पण मधे तिने आपलं काही घालायचं नाही.

गेला महिनाभर मी तुझ्याविषयी तिला पत्रं लिहितेय. तुला सांगू नको, तुला दाखवू नको, तुला कळणार नाही. कपाट इकडून तिकडे कसं सरकवायचं याच्या सूचना द्याव्यात तशा. तू तिथेच बसला होतास.

माझा पाय मोडलेला नाही. ती थट्टा होती, आणि वाईट थट्टा होती. तू दिवसभर त्याची काळजी करत बसलास हे वाचलं तेव्हा मी ऑफिसचं दार लावून घेतलं. दादा, तुझा आवाज तोच आहे, म्हणून मला भीती वाटली. आवाज तोच आणि आत तू नाहीस असं मला वाटलं. मग वाटलं, येऊन पाहिलं आणि खरंच नसलास तर? न पाहिलेलं बरं. इतकी वर्षं शेकडो मुलींना शिस्त लावली, पण भित्री ती भित्रीच राहिले.

फौजदाराबद्दल वाईट वाटलं. तू त्याला दुखण्यात ताटकळत ठेवलं नाहीस, आणि एकटंही सोडलं नाहीस. मला हे जमलं नसतं. मी बटण बंद करायला सांगत होते.

तुला नवीन मासा हवा आहे, की टाकी रिकामीच राहू द्यायची, मला माहीत नाही. म्हणून मी काही आणणार नाही. इथलं सगळं मार्गी लागलंय, मुलींची तोंडं मूळ आकाराला आली आहेत. येत्या शनिवारची सकाळची बस मिळते. दोन-चार दिवस राहीन म्हणते. तुझ्याशी नीट बोलायला मला येणार नाही, सुरुवातीला चुकेन, रडेनही कदाचित. चालत असेल तर सांग.

येऊ का, दादा?

तुझी धाकटी


घरून, १९ मार्च

प्रिय वन्सं,

पत्र आज आलं. यांना वाचून दाखवलं. मधे मी माझं काही घातलं नाही. ‘पाय मोडलेला नाही’ इथे यांनी थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं.

संपल्यावर विचारलं, ‘काय कळवू? येऊ दे का?’

उत्तर असं: हे डाव्या हाताने खुर्चीला धरून उठले, टाकीसमोरून ती ढकलत ढकलत आणली आणि दाराकडे तोंड करून बसले. मी म्हटलं, ‘अहो, शनिवारी येणार आहेत, आज बुधवार आहे.’ ऐकत नाहीत. जेवणही तिथेच घेतलं.

लवकर या. मला घराबाहेर पडायला वाट उरलेली नाही.

वहिनी